शब्द नको, फांदी हलवा: यंत्रानुवादासाठी वाक्याच्या झाडांवरचे सराव

इंग्रजीतलं एक साधं वाक्य घेऊ: 'द ओल्ड फार्मर सोल्ड टू बुलक्स इन द मार्केट.' मराठीत याचं होतं, 'म्हाताऱ्या शेतकऱ्याने बाजारात दोन बैल विकले.' क्रियापद मधून उठून शेवटी गेलं. बाजार शेवटून उठून मध्ये आला. 'इन' हा बाजाराच्या आधीचा शब्द बाजारामागे जाऊन नुसता 'त' होऊन चिकटला. हे सगळं संगणकाकडून करून घ्यायचं, तर तिसरा शब्द पाचव्या जागी आणि सातवा नवव्या जागी असे नियम लिहून भागत नाही. वाक्य एका शब्दाने वाढलं की ते कोलमडतात. नियम लिहायचे ते वाक्याच्या झाडावर, म्हणजे डिपेंडन्सी पार्स ट्रीवर. शब्द हलवायचा नाही, फांदी हलवायची. तिच्यावरची पानं आपोआप सोबत येतात.

पुढचे सराव मी विद्यार्थ्यांकडून याच क्रमाने करून घेतो. पायथनमधल्या याद्या, डिक्शनरी आणि रिकर्शन एवढं येत असेल तर पुरे. कृती इथे मराठीत मांडली आहे, कोड तुम्ही लिहायचा. मधला एकही टप्पा गाळू नका.

झाड कसं दिसतं

प्रत्येक शब्द म्हणजे एक नोड. प्रत्येक नोडला एकच पालक, आणि त्या दोघांमधल्या नात्याला एक नाव. वाक्याच्या मुख्य क्रियापदाचा पालक शून्य. आपल्या वाक्याचं झाड असं आहे. स्तंभ अनुक्रमे क्रमांक, शब्द, पालकाचा क्रमांक आणि नातं:

१ | द | ३ | निर्देशक
२ | ओल्ड | ३ | विशेषण
३ | फार्मर | ४ | कर्ता
४ | सोल्ड | ० | मूळ
५ | टू | ६ | संख्या
६ | बुलक्स | ४ | कर्म
७ | इन | ९ | संबंधशब्द
८ | द | ९ | निर्देशक
९ | मार्केट | ४ | इतर कारक
१० | . | ४ | विराम

'इन' हा शब्द 'मार्केट'चा मूल आहे, 'मार्केट' त्याचं नाही. युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या पद्धतीत अर्थ वाहणारा शब्द वर आणि जोडणारा शब्द त्याच्या हाताखाली, असा दंडक आहे. मराठीसाठी हा दंडक फार सोयीचा पडतो, कारण आपल्याकडे 'इन' हा शब्द न राहता प्रत्यय होतो. इंग्रजी आणि मराठी झाडाचा सांगाडा त्यामुळे जवळपास सारखा राहतो.

या कल्पनेची आधुनिक मांडणी फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ल्युसिअँ तेन्येर यांच्या १९५९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. पण क्रियापद केंद्रस्थानी आणि कर्ता, कर्म, करण, अधिकरण त्याच्याभोवती, हा विचार आपल्याला पाणिनीच्या कारकांमुळे आधीच ओळखीचा आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीमध्ये भारतीय भाषांच्या ट्रीबँका, म्हणजे अशा झाडांचे संग्रह, याच कारक-चौकटीवर बांधल्या गेल्या. शाळेत वाक्यपृथक्करण केलेलं असेल, तर निम्मं काम तुम्हाला येतंच.

पहिला सराव: वाचा आणि जसंच्या तसं परत लिहा

झाडं 'कॉनल-यू' नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये मिळतात. एका ओळीवर एक शब्द, टॅबने वेगळे केलेले दहा स्तंभ, दोन वाक्यांच्या मध्ये एक रिकामी ओळ. हॅशने सुरू होणाऱ्या ओळी टिपांच्या. पालकाचा क्रमांक सातव्या स्तंभात, नातं आठव्यात. नात्यांची नावं फाइलमध्ये इंग्रजी लघुरूपात असतात: कर्त्याला 'एनसब्ज', कर्माला 'ऑब्ज', इतर कारकाला 'ऑब्ल', संबंधशब्दाला 'केस'.

नोडसाठी एक क्लास लिहा. त्यात मूळ क्रमांक, शब्द, मूळ रूप, व्याकरणविशेष, नातं, पालक आणि मुलांची यादी ठेवा, आणि उरलेले स्तंभ जसेच्या तसे साठवा. पालक म्हणून क्रमांक साठवू नका, थेट त्या नोडचा संदर्भ साठवा. क्रमांक ही फाइलची सोय आहे. फांद्या हलवायला लागलात की क्रमांक बदलणार, आणि क्रमांकावर बेतलेला कोड तिथेच फसतो.

मग फाइल वाचा, झाड बांधा, काहीही न बदलता परत लिहा आणि दोन्ही फाइली अक्षर-न्-अक्षर ताडून पाहा. एकाही जागी फरक पडला तर पुढे जाऊ नका. हमखास फरक पडतो तो '३-४' अशा जोडक्रमांकाच्या ओळींवर (एकाच लिखित शब्दाचे दोन नोड केलेले असतात तेव्हा) आणि '५.१' अशा दशांश क्रमांकांवर. सुरुवातीला या ओळी बाजूला ठेवा, पण टाकून देऊ नका.

सरावाला हाताने तपासलेली झाडं घ्या. इंग्रजीची ईडब्ल्यूटी ट्रीबँक फुकट मिळते, तिच्यात सोळा हजारांहून जास्त वाक्यं आहेत. मराठीची ट्रीबँकही त्याच युनिव्हर्सल डिपेंडन्सीजच्या संग्रहात आहे, पण ती ४६६ वाक्यांची. ती जरूर उघडून पाहा. 'स्टॅन्झा'सारखा पार्सर, म्हणजे वाक्याचं झाड काढून देणारा प्रोग्रॅम, वापरून स्वतःच्या वाक्यांची झाडंही काढता येतील, पण ते नंतर. नियम चुकला की पार्सर चुकला, हे पहिल्या आठवड्यात ओळखता येत नाही.

दुसरा सराव: झाडावर चढणं-उतरणं

छोटी छोटी फंक्शनं लिहा: एखाद्या नोडची सगळी फांदी गोळा करणं, नोडपासून मुळापर्यंत चढणं, दोन नोडचा सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज शोधणं, फांदी एका पालकावरून काढून दुसऱ्यावर टांगणं.

शेवटच्या फंक्शनात एक तपासणी पहिल्याच दिवशी घाला: नवा पालक त्याच फांदीतला तर नाही ना? मी हे टाळलं होतं. 'आय हॅव फीव्हर'सारख्या वाक्यांत 'फीव्हर'ला वर आणून 'हॅव'ला त्याच्या हाताखाली टांगायचं होतं. टांगलं, पण 'फीव्हर'ला 'हॅव'वरून आधी सोडवलंच नाही. दोघे एकमेकांचे पालक झाले. मुळापर्यंत चढणारं फंक्शन त्या दोघांमध्ये रात्रभर फिरत राहिलं आणि फाइल मोठी आहे म्हणून वेळ लागतोय असं मी समजत होतो. सकाळी पाहिलं तर अठराव्या वाक्यावरच अडकलेलं. तेव्हापासून प्रत्येक बदलानंतर मी तीन गोष्टी तपासतो: मूळ एकच आहे, प्रत्येक नोडवरून मूळ गाठता येतं, आणि नोडची संख्या मी मुद्दाम बदलली नसेल तर तेवढीच आहे.

तिसरा सराव: झाडातून पुन्हा वाक्य

आता मुख्य यंत्र. एवढं फंक्शन नीट जमलं की पुढचे सगळे नियम म्हणजे आकड्यांचा तक्ता आहे.

क्रम(नोड):
  यादी = नोडची मुलं आणि स्वतः नोड
  यादीतल्या प्रत्येकाला वजन द्या
  वजनाने लावा, वजन सारखं असेल तर मूळ क्रमांकाने
  यादीतून एकेक घ्या:
    तो स्वतः नोड असेल तर त्याचा शब्द लिहा
    तो मूल असेल तर क्रम(मूल) जोडा

सुरुवातीला सगळ्यांचं वजन शून्य ठेवा. मग मूळ वाक्यच जसंच्या तसं बाहेर यायला हवं. आलं नाही, तर बहुधा त्या झाडात फांद्या एकमेकींना छेदतात, म्हणजे एका फांदीच्या पोटात दुसरीचा शब्द शिरलेला आहे. अशा झाडांना नॉन-प्रोजेक्टिव्ह म्हणतात. ती वेगळी मोजा आणि बाजूला ठेवा. म्हणजे हेच फंक्शन तुमची प्रोजेक्टिव्हिटीची चाचणीही झालं.

चौथा सराव: वजनांचा तक्ता

नात्याला वजन देऊन क्रम लावण्याची ही रीत २००९ साली गूगलच्या संशोधकांनी इंग्रजीतून हिंदी, उर्दू, कोरियन, जपानी आणि तुर्कीसाठी वापरली होती. त्या पाचही भाषांत क्रियापद शेवटी येतं. मराठीसाठी माझा तक्ता असा आहे.

पालक क्रियापद असेल तर:
'अँड', 'दॅट', 'इफ' असे जोडणारे शब्द: −७०
जर किंवा जेव्हाचं उपवाक्य: −६०
कर्ता: −५०
काळ, स्थळ, साधन वगैरे इतर कारकं: −३०
'मुलाला'सारखं गौण कर्म: −२५
कर्म: −२०
रीत सांगणारं क्रियाविशेषण: −१०
स्वतः क्रियापद: ०
सहायक क्रियापद आणि नकार: १०
'की' किंवा 'कारण'चं उपवाक्य: २०
'आणि'ने जोडलेलं दुसरं क्रियापद: ३०
विराम: ९०

पालक नाम असेल तर:
'चा'ने जोडलेलं नाम: −४०
निर्देशक: −३०
संख्या: −२०
विशेषण: −१०
स्वतः नाम: ०
संबंधशब्द: १०
'आणि'ने जोडलेलं दुसरं नाम: २०

हे चालवा. आपलं वाक्य बाहेर येतं ते असं: 'द ओल्ड फार्मर द मार्केट इन टू बुलक्स सोल्ड.' शब्द इंग्रजी, चाल मराठी. 'द थर्ड सन ऑफ द फार्मर' दिलंत तर 'द फार्मर ऑफ द थर्ड सन' येईल, म्हणजे 'शेतकऱ्याचा तिसरा मुलगा'. फांदीच्या आतही तोच नियम लागतो, ही रिकर्शनची कमाई.

नकाराचं वजन धन का, तर 'डिड नॉट सेल'चं आपण 'विकले नाहीत' करतो. तक्ता हिंदीवरून उचललात तर इथे चुकाल. हिंदीत 'नहीं' क्रियापदाच्या आधी बसतं. उपवाक्यांचंही तसंच. क्रियापद शेवटी जातं म्हणून सगळं डावीकडे लोटायचं नाही. 'तो म्हणाला की उद्या पाऊस पडेल' यातलं 'की'नंतरचं वाक्य मराठीतही उजवीकडेच राहतं. 'कारण'चंही तेच.

आता दोन सापळे, आणि हे दोन्ही मुद्दाम अनुभवा. पहिला: 'द फार्मर सोल्ड द बुलक्स अँड बॉट अ ट्रॅक्टर.' युनिव्हर्सल डिपेंडन्सीजमध्ये 'बॉट' हा 'सोल्ड'चा मूल असतो. क्रियापदाची सगळी मुलं डावीकडे असा सरसकट नियम केलात, तर ट्रॅक्टर घेतल्याची हकिकत बैल आणि विकणं यांच्या मधोमध घुसते. तक्त्यात जोडक्रियेला ३० दिलेत ते यासाठी.

दुसरा सापळा अस्सल आपला आहे. 'शी वर्क्स इन पुणे अँड मुंबई.' यात 'इन' फक्त 'पुणे'चा मूल, आणि 'मुंबई' हीसुद्धा 'पुणे'चीच मूल. तक्त्याप्रमाणे येतं 'पुणे इन अँड मुंबई', म्हणजे 'पुण्यात आणि मुंबई'. वजन उलटं केलंत तर 'पुणे आणि मुंबईत', आणि तेही कानाला खटकतं. मराठीला 'पुण्यात आणि मुंबईत' हवं. म्हणजे इथे फांदी हलवून भागणार नाही, 'इन'चा नोड नक्कल करून 'मुंबई'लाही टांगावा लागेल. नवा नोड तयार करणं, त्याला मूळ क्रमांक काय द्यायचा ते ठरवणं, नोडची संख्या मुद्दाम बदलल्याची नोंद ठेवणं, असा हा छोटा पण पूर्ण सराव आहे. लगेच 'फॉर' या संबंधशब्दावर तो ताडून पाहा: 'पुणे आणि मुंबईसाठी' मात्र चालतं. मग नक्कल कोणत्या संबंधशब्दांची करायची, याची यादी तुम्हालाच कान लावून करावी लागेल.

पाचवा सराव: नाती बदलणं

इथपर्यंत नुसता क्रम बदलत होतो. 'आय लाइक मँगोज'चं 'मला आंबे आवडतात' होताना नातीच बदलतात. इंग्रजीतला कर्ता 'मला' झाला आणि कर्म असलेले आंबे क्रियापदाला वाकवू लागले. म्हणून 'लाइक'सारख्या क्रियापदांची एक यादी करा: आवडणं, आठवणं, सापडणं, परवडणं या घरातली. क्रियापद यादीत असेल, तर कर्त्याचं नातं बदलून 'ला-कारक' करा आणि कर्माचं कर्ता. क्रम मात्र तोच ठेवा, 'मला' आधी. म्हणजे ला-कारकासाठी −५५ असं नवं वजन लागलं.

'हॅव' हे त्याहून कसोटी पाहणारं. 'टू ब्रदर्स' असेल तर 'मला दोन भाऊ आहेत', 'अ कार' असेल तर 'माझ्याकडे गाडी आहे', 'फीव्हर' असेल तर 'मला ताप आहे'. निर्णय कर्माच्या नोडमध्ये दडलेला आहे. नातेवाईक आणि आजार यांचे दोन शब्दसंच करा, उरलेल्यांना 'कडे' द्या, आणि हा नियम कुठे चुकतो ते शंभर वाक्यांवर नोंदवा.

हू-व्हिचची उपवाक्यं याच जातीची. 'द मॅन हू केम येस्टरडे' याचं 'जो माणूस काल आला तो' असं करता येतं, पण आपण बोलताना 'काल आलेला माणूस' म्हणतो. त्यासाठी 'हू'चा नोड काढून टाका, 'केम'ला धातुसाधित विशेषणाची खूण करा आणि त्याची फांदी 'मॅन'च्या डावीकडे न्या. काळ पाहून आलेला, येणारा, येत असलेला यांतलं रूप निवडा. 'हू' हा उपवाक्याचा कर्ता असेल तेव्हाच हे करा. बाकी ठिकाणी 'जो-तो' सुरक्षित.

सहावा सराव: प्रयोग ओळखा

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत मोलाचा सराव हा आहे. कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग शाळेत पाठ केले होते. इथे ते झाडावर चालणारं फंक्शन होतात.

क्रियापदाच्या नोडपाशी उभे राहा. क्रिया पूर्ण झालेल्या भूतकाळातली आहे का? कर्म आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर कर्त्याला 'ने' लावा आणि क्रियापदाची नजर कर्माकडे वळवा. कर्माला 'ला' नसेल तर कर्मणी: बैल विकले, गाय विकली, गायी विकल्या, वासरू विकलं. कर्माला 'ला' असेल तर भावे: 'शेतकऱ्याने मुलाला बोलावलं', 'शेतकऱ्याने मुलींना बोलावलं'. क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात गोठलं, कर्म कोणतंही असो. बाकी सगळं कर्तरी.

आता अपवाद. कर्ता 'मी' किंवा 'तू' असेल तर 'ने' दिसत नाही, पण नजर कर्माकडेच राहते: 'मी बैल विकले', 'तू बैल विकलेस'. बोलणं, शिकणं, विसरणं ही क्रियापदं कर्म घेऊनही कर्तरीच राहतात: 'ती छत्री विसरली', 'तो धडा शिकला'. ती यादी वेगळी ठेवा.

'बैल' या शब्दाचं एकवचन आणि अनेकवचन दिसायला एकच. मराठी शब्द पाहून 'विकला' की 'विकले' हे कळणार नाही. वचन इंग्रजी नोडच्या व्याकरणविशेषांतून आणावं लागतं, आणि लिंग मराठी शब्दकोशातून, कारण इंग्रजी 'बुलक्स' ते सांगत नाही. एका प्रत्ययासाठी दोन भाषांकडे विचारणा करावी लागते. म्हणूनच नोडवर व्याकरणविशेष ठेवायला मी पहिल्या सरावात सांगितलं. ते कधी फेकू नका.

सातवा सराव: मोजा

क्रम किती सुधारला हे डोळ्यांनी न ठरवता केंडॉलच्या टाऊने, म्हणजे दोन क्रम किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्याने, मोजा. प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर त्याच्या मराठी शब्दाचं स्थान लिहा. ओल्ड १, फार्मर २, सोल्ड ६, टू ४, बुलक्स ५, मार्केट ३. रांग झाली १ २ ६ ४ ५ ३. जोड्या एकूण १५. यातल्या उलट्या जोड्या मोजा: ६-४, ६-५, ६-३, ४-३, ५-३, म्हणजे ५. टाऊ म्हणजे एकातून उलट्या जोड्यांच्या दुपटीला १५ ने भागून वजा: १ − १०/१५ = ०.३३.

फक्त क्रियापद शेवटी नेलं तर रांग १ २ ४ ५ ३ ६, उलट्या जोड्या २, टाऊ ०.७३. बाजार कर्माच्या आधी आणला की टाऊ १. आपला कोणता नियम किती कामाचा, हे असं एकेक नियम बंद-चालू करून पाहता येतं. शंभर वाक्यांची शब्दजुळणी हाताने करा. वेळ जातो, पण हा संच वर्षानुवर्षं पुरतो.

आजची न्यूरल यंत्रं क्रम स्वतःच शिकतात. गूगलने २०१७ साली मराठीसाठी न्यूरल अनुवाद सुरू केला, चेन्नईच्या आयआयटीतल्या एआयफॉरभारत गटाचं इंडिकट्रान्स२ हे २२ भारतीय भाषांचं प्रारूप २०२३ मध्ये खुलं झालं. त्यांच्यासमोर वजनांचा तक्ता टिकणार नाही. पण त्यांचं मराठी कुठे घसरतं हे नेमकं दाखवायचं, भावे प्रयोगाची दोनशे चाचणी-वाक्यं पाडायची किंवा यंत्राने दिलेलं 'शेतकऱ्याने गाय विकला' पकडून दुरुस्त करायचं, तर हीच झाडं आणि हीच फंक्शनं लागतात.

आठवा सराव: टाऊला न दिसणारी चूक

आता पहिल्या झाडात एकच बदल करा. 'मार्केट'चा पालक 'सोल्ड'ऐवजी 'बुलक्स' करा आणि नातं 'नामाला जोडलेलं नाम' (तक्त्यातलं −४० वजनाचं). पार्सर अशा जागी खरोखर गोंधळतात, कारण इंग्रजीत दोन्ही अर्थ निघतात. क्रम लावा. बाहेर येतं पुन्हा तेच: 'द ओल्ड फार्मर द मार्केट इन टू बुलक्स सोल्ड.' टाऊ पुन्हा १. पण पहिल्या झाडाचा अर्थ 'बाजारात दोन बैल विकले' आणि दुसऱ्याचा 'बाजारातले दोन बैल विकले'. पहिल्यात विक्री बाजारात झाली. दुसऱ्यात बैल बाजारातले, विक्री कुठेही झालेली असो. इंग्रजी जिथे दोन्ही अर्थ पोटात ठेवते, तिथे मराठीला एक 'ले' लावून किंवा न लावून बोलावंच लागतं.

म्हणून क्रम लावून झाल्यावर झाड फेकून नुसती शब्दांची रांग पुढे पाठवू नका. 'इन'च्या नोडवर त्याच्या आजोबाचा प्रकार लिहून ठेवा. आजोबा क्रियापद असेल तर प्रत्यय 'त', नाम असेल तर 'तला, तली, तलं, तले', आणि त्यातलं रूप त्या नामाच्या लिंग-वचनावरून. मग ईडब्ल्यूटीमधून 'इन', 'ऑन', 'फ्रॉम' असलेली पन्नास वाक्यं काढा, हाताने तपासलेलं झाड आणि पार्सरचं झाड दोन्हींवर हे चालवा, आणि जिथे जिथे 'त' आणि 'तले' यांत फरक पडला ती वाक्यं मोठ्याने वाचा.